पवनेचा काठ, कच्ची वाट आणि घरातले पाच जण

घरातल्या सगळ्यांनी मिळून डांबर सोडून सायकल चालवायची, असं डिसेंबरात जेवताना ठरलं, तेव्हा त्याचा खरा अर्थ दोघांनाच माहीत होता. दादा बरीच वर्षं माउंटन बाइक चालवतो आणि त्याची अकरा वर्षांची सई त्याच्या मागे कुठेही जाते. उरलो तिघे. गिअर कोणत्या हाताने बदलायचा हे विचारणारी वहिनी, कोथरूडहून ऑफिसला अधूनमधून सायकलने जाणारी मी, आणि उजव्या गुडघ्याची झीज झालेले अडुसष्ट वर्षांचे अप्पा. २२ आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला आम्ही मावळातल्या पवना धरणाच्या काठाने फिरून आलो. त्याआधी जी विचारपूस, कागद आणि तयारी करावी लागली ती मला एका जागी लिहिलेली कुठे सापडली नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी जागा. खडकवासल्याचा रस्ता रविवारी सायकलवाल्यांचा नसतो, भजी आणि कणसं खायला आलेल्यांचा असतो. मुळशीचं पाणी देखणं, पण ताम्हिणीच्या बाजूला सरकलं की वस्ती विरळ होत जाते. तिथे अप्पांच्या गुडघ्याने असहकार पुकारला तर गाडी कधी पोचणार, याचा हिशेब मला पटेना. पवनेला डांबरी रस्ता पाण्यापासून फार लांब जात नाही. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांतला एखादा तरी किल्ला बहुतेक वेळ समोर असतो, त्यामुळे फोनला रेंज नसली तरी आपण कुठे आहोत ते कळतं. आणि मुख्य म्हणजे पाणी उतरतं. धरण भरलं की त्यात साधारण साडेआठ टीएमसी उपयुक्त साठा होतो. तो नदीत सोडून खाली रावेतला पिंपरी-चिंचवडसाठी उचलतात. त्यामुळे दिवाळीनंतर पातळी सावकाश खाली येते आणि काठाची जमीन उघडी पडत जाते. डिसेंबरात तिथे चिखल असतो, मार्चमध्ये ऊन आणि डोंगरावर वणवे. आम्ही फेब्रुवारी धरला. पावसाळ्याचा विचार करू नका. त्या दिवसांत धरण-धबधब्यांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, आणि निघाले नाहीत तरी त्या गाळात चाक फिरत नाही.

परदेशात डोंगरातल्या तलावांभोवती सायकलवाटा आखलेल्या असतात आणि त्यांना रंग दिलेले असतात. हिरवी म्हणजे नवशिक्यांची, मग निळी, लाल, आणि काळी म्हणजे ज्यांना हाडांची चिंता नाही त्यांची. आपल्याकडे पाटी नाही, बाण नाही. वाट गुरांची किंवा बैलगाडीची, आणि ती कुठे जाते ते गुरांनाच विचारायचं. म्हणून आम्ही 'महाभूनकाशा' या सरकारी संकेतस्थळावरून काठच्या गावांचे नकाशे छापून घेतले आणि सईच्या स्केचपेनांनी रंगवायला बसलो. त्यावर दादाशी पुष्कळ वाद झाला. तो चढ आणि दगड बघून रंग देत होता, माझा प्रश्न वेगळा होता. इथून बाहेर कसं पडायचं? शेवटी आमची व्याख्या ठरली. सगळ्यांना झेपणारी वाट म्हणजे जिथून कुणालाही, कधीही, बाकीच्यांचा दिवस न मोडता बाहेर पडता येतं ती. अवघडपणा नंतर. या हिशेबाने काही सपाट तुकडे लाल झाले, कारण त्यांच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण होतं. आणि एक चांगला उभा चढ निळा राहिला, कारण त्याच्या दोन्ही टोकांना रस्ता होता. लोहगड आणि विसापूरमधली गायमुख खिंड काळी रंगवून सोडून दिली. तिथे शनिवार-रविवारी एवढी माणसं असतात की उतारावर सायकल सोडणं म्हणजे गुन्हाच. किल्ल्यांवर तर सायकल नेऊच नका. ती संरक्षित स्मारकं आहेत आणि पायऱ्या चाकांसाठी घडवलेल्या नाहीत.

आता कागद. काठची जमीन एकाची नाही. काही खासगी, काही वनखात्याची, आणि धरणाच्या संपादन हद्दीतली जलसंपदा विभागाची. कोणता गट कुणाचा हे सातबाऱ्यावर दिसतं. महाभूलेखवर बिनसहीचा सातबारा फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. आम्हाला बघण्यापुरताच हवा होता. वनखात्याच्या जमिनीवरून एक तुकडा जात होता, म्हणून ६ जानेवारीला मी अर्ज घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले. अर्ज दोन प्रतींत न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. हे अप्पांनी शिकवलं, त्यांची आयुष्यभराची श्रद्धा पोच घेण्यावर आहे.

टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला.

"इव्हेंट आहे का?"

"नाही, घरचे पाच जण."

"मग फी किती घेणार?"

"घरच्यांकडून काय घेणार हो?"

यावर ते पहिल्यांदा हसले. पण अर्ज कोणत्या प्रकारात टाकायचा ते त्यांनाही उमगेना. ट्रेकिंगचा नमुना होता, चित्रीकरणाचा होता, स्पर्धेचा होता. घरच्यांनी सायकल चालवण्याचा नव्हता. "दोन आठवड्यांनी या." २० जानेवारीला गेले तर कागद दुसऱ्या टेबलावर होता आणि ते टेबल रजेवर होतं. ३ फेब्रुवारीला तोंडी उत्तर मिळालं. असलेल्या वाटेवरून जा, नवीन वाट पाडू नका, फांदी तोडू नका, विस्तव नको, ड्रोन नको, रोपवनातल्या चरांत शिरू नका, अंधाराआधी बाहेर या. लेखी काही मिळालं नाही. मी घरी येऊन हेच सगळे मुद्दे लिहिले, 'आपण सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात केली आणि त्यांच्याच पत्त्यावर मेल पाठवून ठेवला. वाटेत कुणी अडवलं असतं तर दाखवायला तेवढं तरी हातात होतं. धरणाच्या कार्यालयात काम लवकर झालं. भिंत आणि तिच्या आसपासचा भाग बंद, पाण्यात उतरायचं नाही, बाकी गावात विचारा.

गावात विचारा, हा सगळ्यांत कामाचा सल्ला निघाला. २५ जानेवारीला मी आणि दादा मोटारसायकलवरून पाहणी करायला गेलो. रंगवलेला नकाशा हातात, त्यावर गट क्रमांक. एका बांधावर उभे होतो तर शेतातून एक आजोबा आले, आणि राम राम नाही, काही नाही, थेट विचारलं, "मोजणीला आलाय का?"

या प्रश्नाला मागे इतिहास आहे. धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांचा पुनर्वसनाचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. ९ ऑगस्ट २०११ ला धरणातून पिंपरी-चिंचवडला थेट पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि तिघे शेतकरी गेले. पुण्याहून कुणी नकाशा घेऊन काठावर उभं राहिलं की मावळात ते सहलीचं वाटत नाही. आम्ही नकाशा घडी करून खिशात घातला आणि सायकलचं सांगितलं. आजोबांचा विश्वास बसायला वेळ लागला, पण मग त्यांनीच काठीने जमिनीवर रेघा ओढून वाट दाखवली. उघड्या पडलेल्या गाळात गाळपेरीचा हरभरा कुठे उभा आहे, कुणाचा बांध आहे आणि कुठे कुत्री आहेत, हे सगळं त्यात आलं. नकाशा दाखवू नका, वाट विचारा. जाताना म्हणाले, "हरभऱ्यातून चाक घालू नका म्हंजे झालं." पोलीस पाटलांचा नंबरही तिथेच मिळाला. येण्याच्या आदल्या दिवशी त्यांना फोन करायचं ठरलं.

दरम्यान सराव चालू होता, तो वेताळ टेकडीवर. शहराच्या मधोमध एवढी मुरमाड, दगडगोट्यांची जमीन असणं ही पुण्याची चैन आहे. पण सकाळची टेकडी चालणाऱ्यांची असते, आणि त्यांच्या पाठीमागून घंटी न वाजवता आलात तर जे ऐकायला मिळतं ते योग्यच असतं. आम्ही उजाडताच जायचो, माणूस दिसला की उतरायचो.

दादाने वहिनीला आणि मला वेगाचं काही शिकवलंच नाही, आधी उभं राहायला शिकवलं. उतारावर सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवायची, म्हणजे खालचं पेडल दगडाला आपटत नाही. कोपर आणि गुडघे सैल. वजन थोडं मागे. दोन्ही ब्रेक एकत्र, एकेका बोटाने, थोडे-थोडे. पुढचा ब्रेक एकटा घाबरून आवळला की माणूस हँडलवरून पुढे जातो. नजर चाकासमोरच्या दगडावर ठेवली की सायकल त्याच दगडावर जाते, नजर पुढच्या मोकळ्या जागेवर हवी. हे ऐकायला सोपं आहे, पण वहिनी पहिले काही दिवस त्या दगडांशी बोलायची, "नाही येत मी तुझ्याकडे."

हवेबद्दल एक. पंक्चरवाला टायर टणक करून देतो, डांबरावर ते बरं असतं. मुरमावर तेच टायर खडीवरून उडतं. आम्ही तीसच्या आसपास पीएसआय ठेवली, सईच्या टायरात त्याहून कमी. फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटून फाटते, म्हणून एकदम उतरवू नका. आणि मावळात बाभळीचे काटे आहेत, तेव्हा ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, भरून घ्या. आमचे एका चाकाचे साडेतीनशेच्या आसपास गेले आणि ते वसूल झाले.

अप्पांचं गणित वेगळं. हाडांच्या डॉक्टरांनी सायकलला हरकत घेतली नाही. उतरणीवर चालण्यापेक्षा ती बरी, पण सीट उंच आणि गिअर हलका ठेवा म्हणाले. पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. अडचण अशी की सीट उंच केली की थांबताना पाय टेकत नाहीत आणि अप्पांचा धीर सुटतो. बरीच ओढाताण होऊन सीट मधल्या उंचीवर ठरली आणि चढासाठी ई-सायकल भाड्याने घ्यायची असं ठरलं. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असेल तर नोंदणी किंवा लायसन लागत नाही, दुकानात तेवढं लेबल बघून घ्या. दोन दिवसांचं भाडं १,६०० रुपये, अनामत ५,०००. स्वस्त ई-सायकलींत पेडल फिरवणं थांबवल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते. सपाटीवर कळत नाही, खडीच्या वळणावर चांगलंच कळतं. ब्रेकचा दांडा किंचित दाबला की मोटर बंद होते, म्हणून अप्पांना बोटं कायम ब्रेकवर ठेवायची सवय लावली आणि उतारावर मोटर पूर्ण बंद.

सायकली न्यायच्या कशा? लोकलने कामशेतपर्यंत नेण्याचा विचार केला होता. रेल्वेत सायकल मोफत सामानात धरत नाहीत, वेगळी बुक करावी लागते. पाच सायकली, त्यात एक बॅटरीची, आणि पुढे कामशेतपासून रहदारीचा रस्ता, हे बघून छोटा हत्ती टेम्पो ठरवला. शनिवारी सोडणं आणि रविवारी आणणं मिळून ५,५०० रुपये. सायकलींच्या मध्ये जुन्या गोधड्या घाला आणि पेडलं काढून ठेवा. डाव्या पेडलची आटी उलटी असते, ती नेहमीच्या दिशेने सोडवत बसलात तर पाना वाकेल, पेडल नाही सुटणार.

२२ ला पहाटे साडेपाचला निघालो. जुन्या हायवेने कामशेत, तिथून डावीकडे पवनानगरचा रस्ता, बेडसे लेण्यांचा फाटा मागे टाकून आठच्या सुमारास पोचलो. त्या दिवसांत पुण्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ चालू होती आणि संशय दूषित पाण्यावर होता, त्यामुळे पाणी घरूनच उकळून नेलं होतं, माणशी तीन लिटर. जड झालं, पण पुरलं.

पहिला दिवस हिरव्या वाटेचा, ठाकूरसईच्या बाजूचा काठ. उघड्या पडलेल्या जमिनीचे तीन पट्टे दिसतात. वर गवत आणि मुरूम, मध्ये वाळून तडे गेलेला कठीण गाळ, आणि पाण्यालगत ओला. चालवायचं मधल्या पट्ट्यावर. तडे दिसले म्हणून जमीन वाळली असं धरू नका, आधी टाच मारून बघा. वरचा पापुद्रा फुटून खाली मऊ लागलं तर वर सरका. मधला पट्टा नीट वाळलेला असेल तर त्यावर सायकल चालवायला इतकं सुख आहे की वहिनी गाणं म्हणायला लागली. ती पहिल्यांदाच हँडल सैल धरून चालवत होती.

सुख सलग नाही. पर्यटकांच्या तंबूंची कुंपणं काही ठिकाणी थेट पाण्यापर्यंत आलेली आहेत, तिथे मागे फिरून रस्त्यावर यावं लागतं. तंबूचे दोर गुडघ्याच्या उंचीवर ताणलेले असतात आणि सकाळच्या उन्हात अजिबात दिसत नाहीत. सई पुढे होती म्हणून मला त्या दोरांची जास्त धास्ती वाटली, दगडांची नाही. शेवटी तंबू दिसले की सगळ्यांनी उतरायचं असा नियम केला. अकराच्या आत आवरलं, कारण काठावर झाड नाही. अप्पा सगळी वाट आले. मोटर त्यांनी जवळजवळ वापरलीच नाही, नंतर कळलं की बॅटरी वाचवत होते, उद्यासाठी.

मुक्काम एका घरगुती ठिकाणी, जेवणासकट माणशी १,१०० रुपये. ई-सायकल चार्ज करायला बाहेरच्या पडवीत प्लग आहे का, हे आधी फोनवर विचारा.

रविवारी निळी वाट. तिकोना पेठेतून जवणकडे जाणारी बैलगाडीची वाट, पुढे मोरवे आणि तुंगवाडी. इथे आम्ही मुद्दाम फुटलो. दादा, सई आणि वहिनी कच्च्या वाटेने, मी आणि अप्पा डांबरी रस्त्याने, भेट जवणमध्ये. कोण कुठे आणि किती वाजता भेटणार हे कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात दिलं होतं, कारण डोंगराआड फोन चालत नाही. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास वाट बघायची, मग रस्त्यावरच्यांनी शोधायला निघायचं.

आम्ही पोचून चहा घेतला, दुसरा घेतला. पंचवीस मिनिटं उलटल्यावर मी हेल्मेट घातलं तेवढ्यात वहिनी दिसली, सायकल हातात धरून चालत. एका घसाऱ्याच्या उतारावर ती उतरली होती आणि खालपर्यंत चालतच आली. दादा थांबून राहिला होता. सईचं कोपर खरचटलेलं, कारण ती तोच उतार चालवत आली. जखम धुऊन पट्टी बांधली. वहिनीला मी विचारलं, परत रस्त्याने जायचं का? "मघाशी उतरले ते बरं केलं," ती म्हणाली, "आता पुढचं चालवते." आणि पुढचा तुकडा तिने चालवला. आमच्या व्याख्येचा खरा उपयोग इथे झाला. उतरून चालणं नियोजनात धरलेलं होतं, त्यामुळे त्याची कुणाला लाज वाटली नाही आणि उशीरही अर्ध्या तासात मावला.

जवणनंतर अप्पाही कच्च्या वाटेवर आले. चढावर मोटर दुसऱ्या टप्प्यावर टाकून ते सईच्या पुढे गेले आणि तिला ते अजिबात आवडलं नाही. एका बांधावर पाचही सायकली उचलून पलीकडे ठेवाव्या लागल्या. ई-सायकल बावीस किलोच्या आसपास भरते, तिला दोघं लागतात. तुंगवाडीजवळ साडेअकराला संपवलं. ड्रायव्हरदादांना फोन लागेना, मग एका दुचाकीवाल्याकडे निरोप दिला, आणि गाडी यायला सव्वा तास लागला. गाडीची जागा आणि वेळ आधीच ठरवून ठेवा, फोनवर विसंबू नका. १०८ चा नंबर माहीत असला तरी तो लावायला रेंज लागतेच.

आमची ट्रॅक फाइल, म्हणजे वाटेची जीपीएस नोंद, मी इथे देत नाही, बऱ्याच जणांनी मागितली म्हणून सांगते. त्यातले काही बांध खासगी आहेत आणि परवानगी त्या दोन दिवसांची होती. शिवाय पाणी दर आठवड्याला हलतं. मेमध्ये आमची वाट पाण्यापासून लांब राहील आणि ऑगस्टमध्ये ती पाण्याखाली असेल. स्केचपेन घ्या, दुचाकीवर एक चक्कर मारा, माणसांना विचारा.

परतल्यावर वनखात्याला दोन ओळींचा मेल केला, अमुक तारखेला गेलो, सगळे सुखरूप, कचरा परत आणला. उत्तर आलं नाही, पण पुढच्या अर्जाला जोडायला तो चालेल असं अप्पांचं मत आहे. ई-सायकलच्या दुकानाने चिखल धुण्याचे तीनशे कापून बाकी अनामत परत दिली. ती आणायला अप्पा स्वतः गेले होते. तिथे त्यांनी नव्या ई-सायकलची किंमत विचारली, बॅटरी किती वर्षं चालते ते विचारलं, बदलायला काय पडेल ते विचारलं. शेवटच्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसलेला नाही, आणखी दोन दुकानांत चौकशी चालू आहे.